‘चार महिन्यांत नाउनची व्याख्यासुद्धा येत नाही’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की चार महिने क्लासला पाठवूनही चौथीतल्या मुलाला नाउनची व्याख्या सांगता येत नाही, वहीत चुका तशाच आहेत, लाल पेन कुठे दिसत नाही आणि फी फुकट गेली. इंग्रजीचा हा क्लास माझा आहे, तेव्हा उत्तर मीच देते.

आधी माझी चूक. गणपतीच्या सुट्टीनंतर दोन आठवडे वह्या न तपासताच घरी गेल्या. मुलं वाढली, मी एकटी पडले, पण त्याचा भुर्दंड तुम्ही का सोसायचा? त्या दोन आठवड्यांची फी परत देते. आता रोज थोड्या वह्या ठेवून घेते, म्हणजे प्रत्येक वही आठवड्यातून एकदा माझ्या नजरेखालून जाते.

बाकीच्या चुका मात्र मी जाणूनबुजून ठेवल्या आहेत. हे जूनमध्येच तुम्हाला सांगायला हवं होतं, ते राहिलं. आम्ही एका वेळी एकच गोष्ट सुधारतो. सुरुवातीला फक्त वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि शेवटी फुलस्टॉप. देवनागरीत कॅपिटल नसतंच, त्यामुळे तेवढ्यालाही महिना जातो. तोवर स्पेलिंगला मी हात लावत नाही. पानभर लाल रेघा दिसल्या की पोर दुसऱ्या दिवशी तीनच शब्द लिहितं, तेही फळ्यावरचे.

एक उदाहरण सांगते. 31 जुलैला मासेमारीची बंदी संपली आणि देवगड बंदरातून होड्या बाहेर पडल्या, त्या आठवड्यात वर्गातल्या एकाने लिहिलं, ‘माय फादर फिश कॅच’. शब्द इंग्रजी, पण मांडणी ‘बाबा मासे पकडतात’ अशी, क्रियापद शेवटी. घरच्या भाषेचाच आधार घेतला होता त्याने. मी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर ते चार शब्द लिहून जमिनीवर मांडले. ‘कॅच’ त्यानेच उचलून ‘फादर’शेजारी ठेवला. मग निळ्या पट्टीवरचं ‘ईएस’ त्याला जोडलं, झालं ‘कॅचेस’. ‘आय’ आला की निळी पट्टी काढायची, ‘फादर’ आला की लावायची, हा खेळ अर्धा तास चालला. शेवटी त्याने विचारलं, “बाई, बाबान दोन मासे हाडल्यान (आणले) तरी फिशच?” हा प्रश्न मुलाच्या तोंडून आला, याचं मला फार मोल आहे.

इंग्रजी नामाआधी येणारे ‘अ’ (a) आणि ‘द’ (the) दिवाळीनंतर घेणार आहे. मराठीत असे शब्दच नाहीत, त्यामुळे ते कुठे लावायचे हे मुलांना लवकर उमगत नाही.

राहिली व्याख्या. होडी, जाळं, आई, देवगड हे सगळे नावाचे शब्द, हे तुमचा मुलगा बरोबर वेगळे काढतो. शाळेच्या परीक्षेत व्याख्या विचारणार असतील तर आठ दिवसांत पाठ करून घेईन. पण स्वतःचं वाक्य लिहिता येण्याआधी ती घोकायला लावणं मला पटत नाही, आणि तुमच्या नाराजीपोटीही मी ते बदलणार नाही.

शनिवारी पाच वाजता वर्ग सुटल्यावर या. जूनची वही आणि आत्ताची, दोन्ही घेऊन या. शेजारी शेजारी ठेवून बघू, तुमच्या मुलालाही बसवू. त्यानंतरही क्लास सोडावासा वाटला तर या महिन्याची फी घेणार नाही.