आत्तीच्या मोबाइलवर आलेली सुखाची सात सूत्रं

मामांचं उत्तरकार्य होऊन सव्वा महिना झाला. परवा दुपारी आत्तीकडं गेलो, शनिवार पेठेत. ती ताटात तांदूळ निवडत बसली होती. तेवढ्यात कागलहून तिची मावसबहीण आली. तिला बातमी उशिरा कळलेली. आपल्याकडं रीत आहे तशी ती दारातूनच हुंदका काढत आत आली आणि आत्तीच्या गळ्यात पडली. आत्ती काठीसारखी ताठ. तिच्या पाठीवर दोन थापट्या मारल्या आणि म्हणाली, "रडू नगंस बाई. रडणं म्हंजे अज्ञान."

बावन्न वर्षं संसार केलेली बाई. मामा गेले त्या रात्री हिच्याच आवाजानं गल्ली जागी झाली होती.

मावशी गेल्यावर विचारलं तर तिनं मोबाइल पुढं केला. "जगातल्या सात महान तत्त्वज्ञांनी सांगितलेली सुखाची सात सूत्रं." भावकीच्या ग्रुपवर एका दादांनी टाकलेली. दादांचा हेतू चांगला आहे हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर जत्रेत तोंड फिरवायचे. हाच मेसेज दोन दिवसांत मला आणखी तीन ग्रुपांवर आला, एक तर अडत्यांच्या ग्रुपवर. ज्यांच्याकडं पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात देतो.

एक, गीता: जे झालं ते चांगलंच झालं. दोन, एपिक्टेटस: दुःख घटनेत नसतं, विचारात असतं, म्हणून रडणारा माणूस अज्ञानी. तीन, बुद्ध: अपेक्षा हे दुःखाचं मूळ, नात्यांत गुंतू नका. चार, नीत्शे: जे तुम्हाला मारत नाही ते तुम्हाला बळकट करतं. पाच, सार्त्र: नरक म्हणजे इतर लोक, सबब एकटं राहायला शिका. सहा, तुकाराम महाराज: ठेविले अनंते तैसेचि राहावे. सात, मार्कस ऑरेलियस: मन खंबीर असेल तर शरीराला औषध लागत नाही, रोमच्या या बादशहानं आयुष्यात वैद्याची पायरी चढली नाही. खाली उगवता सूर्य, जोडलेले हात आणि दहा जणांना पाठवा.

माझं लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान आहे. बीएला तत्त्वज्ञान घेतलं होतं, गुण सोपे मिळतात असं कुणीतरी सांगितलं म्हणून. गुण मिळाले नाहीत, पण वाचायची सवय लागली. त्यामुळं घरात मला चेष्टेनं 'सॉक्रेटिस' म्हणतात आणि असलं काही आलं की माझ्याकडं बघतात.

सातव्यापासून सुरू करतो. आत्तीला बारा वर्षांपासून बीपीची गोळी आहे. फ्रिजवरच्या डब्यात पट्टी बघितली तर आत अर्ध्या-अर्ध्या गोळ्या, सुरीनं कापलेल्या. "एवढा मोठा राजा औषधाशिवाय जगला, मला अर्धी बास की," म्हणाली.

आता हा राजा. मार्कस ऑरेलियस इसवी सन १६१ ते १८० रोमचा सम्राट होता. वैद्याची पायरी चढला नसेल, कारण वैद्यच त्याच्याकडं यायचे. गेलन, त्या काळातला सगळ्यात नावाजलेला वैद्य, त्याच्या पदरी होता. सम्राट थेरिअक नावाचं औषध नेमानं घ्यायचा हे गेलननं स्वतः लिहून ठेवलंय. त्यात सापाचं मांस असायचं आणि अफूसुद्धा. एकदा सम्राटाचं पोट बिघडलं. बाकीचे वैद्य ताप येणार म्हणत होते. गेलननं नाडी बघितली आणि सांगितलं, अन्न जड झालंय. दुसरा कोणी असता तर मिरपूड घातलेली वाईन दिली असती, तुम्हाला मात्र सुगंधी तेलात भिजवलेली लोकर पोटावर बांधायला देतो. सम्राटानं लोकर बांधली आणि वर मिरपुडीची वाईनही मागवून प्यायला. मिरी तेव्हा आपल्या मलबारातूनच रोमला जायची, म्हणजे बादशहाच्या दवापाण्यात आमच्या धंद्याचाही हात आहे. त्याच्या स्वतःच्या वहीत, पहिल्या भागाच्या शेवटी, तो देवांचे आभार मानतो. कशाबद्दल? रक्ताची थुंकी आणि चक्कर यांवर स्वप्नात उपाय सुचवल्याबद्दल. चक्कर! आत्तीचंच दुखणं. आणि हा माणूस औषधाविरुद्धचा साक्षीदार म्हणून उभा केलाय. दुसऱ्या दिवशी आत्तीला डॉक्टरांकडं नेलं. बीपी चढलेलंच होतं. बोलणी मी खाल्ली.

दुसरं सूत्र मात्र जास्त घातकी, कारण त्यात अर्धं खरं आहे.

एपिक्टेटस हा जन्मानं गुलाम, पायानं अधू. पुढं सुटका झाली आणि त्यानं शिकवायला सुरुवात केली. स्वतः एक ओळ लिहिली नाही. एरियन नावाच्या शिष्यानं टिपणं ठेवली आणि त्यातून ५३ छोट्या प्रकरणांची एक पुस्तिका केली. ती माझ्या गल्ल्यावर असते, गिऱ्हाईक नसलं की चाळतो. मेसेजमधलं वाक्य पाचव्या प्रकरणातलं. माणसांना घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनांबद्दलची त्यांची मतं अस्वस्थ करतात, असं त्यात आहे. कबूल. आणि वाक्य कामाचं आहे हेही कबूल. १९५० च्या दशकात अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आपली उपचारपद्धती उभारली ती याच वाक्याचा आधार घेऊन, आणि ते त्यानं उघड सांगितलं. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. उधारी बुडवून गेलेल्या माणसाबद्दल रात्री दोन वाजता मनात भांडत पडलो असताना मलाही या वाक्याचा उपयोग झालाय.

पण "रडणारा अज्ञानी" हे कुठून आलं? त्याच पाचव्या प्रकरणाचा शेवट असा आहे: आपल्या वाईट अवस्थेचा दोष दुसऱ्याला देणं हे न शिकलेल्याचं लक्षण, स्वतःला देणं हे शिकायला लागलेल्याचं, आणि शिकून झालेला ना दुसऱ्याला दोष देतो ना स्वतःला. म्हणजे वरच्या वाक्याच्या पोटात हात घालून आत्तीला दोषी ठरवायचं, तर खालचं वाक्य खोडावं लागतं. दादांनी खोडलं नाही. त्यांनी वाचलंच नव्हतं.

आणि सोळावं प्रकरण बघा. कुणाचा मुलगा लांब गेला किंवा मेला, किंवा कुणाचं नुकसान झालं, आणि तो रडताना दिसला, तर हे दुःख त्याच्या समजुतीतून आलंय असं तू मनात धर, पण बोलण्यात त्याच्या दुःखात सामील व्हायला कचरू नकोस, वेळ आलीच तर त्याच्याबरोबर कण्हसुद्धा. 'त्याच्याबरोबर कण्ह'. ही शिकवण रोममधल्या गुलामाची, आणि परवा ती पाळली कागलच्या मावशीनं, दारातूनच हुंदका काढून. मेसेज वाचलेली आत्ती ताठ बसली. पुढं एपिक्टेटस "आतून मात्र कण्हू नकोस" असंही म्हणतो, तेही लपवत नाही. कोरडाच माणूस आहे. तिसऱ्या प्रकरणात तर बायकोपोरांचा मुका घेताना 'मर्त्य माणसाचा मुका घेतोय' असं मनाशी म्हणायला सांगतो. मला हे पटत नाही. पण इतका कोरडा माणूससुद्धा रडणाऱ्याच्या तोंडावर "तू अज्ञानी" म्हणायला सांगत नाही.

एरियनच्याच टिपणांत एक अधिकारी येतो. त्याची मुलगी आजारी होती. "मला बघवेना म्हणून मी घर सोडून गेलो, ती बरी झाल्याचा निरोप आल्यावर परतलो," असं तो सांगतो, वर म्हणतो की बापाचं काळीज असंच असतं. एपिक्टेटस त्याला सोलून काढतो. तिच्या आईचंही तिच्यावर प्रेम आहे, दाईचंही आहे, त्या पण गेल्या असत्या तर पोरगी कुणाच्या हातात मेली असती? तुझ्या आजारपणात तुझ्या माणसांनी तुझ्यावर असलंच प्रेम करावं असं तुला वाटतं का? एपिक्टेटस आणि मार्कस ज्या पंथातले त्याला स्टोइक म्हणतात. स्टोइक म्हणजे भावना मारलेला माणूस, असं ज्यांनी रीळ बघून ठरवलंय त्यांनी हे प्रकरण वाचावं. एलिससुद्धा दुःख आणि नैराश्य वेगळं धरतो. नवरा गेला तर दुःख होणारच, तो आजार नव्हे, असंच त्याचंही म्हणणं.

मार्कसबद्दलच आणखी एक गोष्ट आहे. ज्या जुन्या चरित्रग्रंथात ती येते तो गप्पिष्ट आहे, सगळं खरं धरायचं नसतं. मार्कस तरुण असताना त्याला वाढवणारा माणूस वारला. तो रडायला लागला तर महालातले नोकर त्याला आवरायला लागले. तेव्हा सम्राट असलेला त्याचा दत्तक बाप म्हणाला, असू दे त्याला माणूस, तत्त्वज्ञानानंही भावना जात नाहीत आणि राज्यानंही नाही. घडलं नसेल तरी सोळाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला ते लिहावंसं वाटलं, आपल्या भावकीला वाटलं नाही.

बाकीची उरकतो.

"जे झालं ते चांगलंच झालं" हे गीतेत नाही. सातशे श्लोकांत कुठंही नाही. कॅलेंडरावर आहे, दुकानांच्या भिंतींवर आहे, माझ्या शेजारच्या दुकानातही आहे. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनविषादयोग. त्यात अर्जुन कोलमडतो, थरथरतो, भरभरून बोलतो, आणि कृष्णाच्या वाट्याला अर्धी ओळ येते, तीही रथ उभा करून 'हे कौरव बघ' एवढीच. आधी ऐकून घेतलंय त्यानं. पुढं दुसऱ्या अध्यायात "शोक करू नये त्यांचा शोक करतोस" म्हणतो, ते खरं. पण अठराव्यात "याचा पूर्ण विचार कर आणि तुला हवं ते कर" असंही म्हणतो. दहा जणांना पाठव म्हणत नाही.

बुद्ध म्हणतो तण्हा. तण्हा म्हणजे तहान, हाव. सुनेनं वेळेवर चहा द्यावा ही अपेक्षा त्यात ओढूनताणूनच बसते. आणि नात्यांपासून लांब राहायचं असतं तर किसा गोतमीला त्यानं घरोघरी कशाला पाठवलं असतं? मेलेलं पोर कडेवर घेऊन ती औषध मागत आली. तो म्हणाला, ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मोहरी आण. मोहरी मी रोज विकतो, पावशेरानं, किलोनं. मोहरी कुठल्याही घरात मिळते, तिलाही मिळाली असती. पण दर उंबऱ्यावर तिला त्या घरातलं कोण गेलं हे ऐकावं लागलं. तिला बुद्धानं भेटायला पाठवलं होतं, आणि या मेसेजनं आत्तीकडं भेटायला आलेलीला परत धाडलं.

नीत्शेच्या वाक्याआधी मुळात 'आयुष्याच्या युद्धशाळेतून' असे शब्द आहेत, ते कुणी छापत नाही. ते वाक्य १८८८ मधलं. जानेवारी १८८९ मध्ये तुरीनला तो कोसळला तो सावरलाच नाही. १९०० साली जाईपर्यंत त्याला आधी आईनं आणि मग बहिणीनं सांभाळलं. वाक्यावर बोलायला एवढं पुरे. सार्त्रचं वाक्य १९४४ च्या नाटकातलं, एका खोलीत अडकलेल्या तिघांपैकी एकाच्या तोंडचं, आणि लोक त्याचा उलटा अर्थ घेतात हे खुद्द सार्त्रनंच नंतर सांगितलं. नाती नासली तर दुसरा माणूस नरक होतो, एवढंच त्याचं म्हणणं.

राहिले तुकोबा. आमच्याच धंद्यातले, वाण्याचं दुकान असलेले, म्हणून त्यांच्यावर माझा जरा जास्त हक्क. "ठेविले अनंते" त्यांचं आहेच. "रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग" हेही त्यांचंच. दादा यावर म्हणतील, "बरे झाले देवा निघाले दिवाळे, बरी या दुष्काळे पीडा केली" हेपण तुकोबांचंच ना? हो, त्यांचंच. पण दिवाळं त्यांचं निघालं होतं. दुष्काळात अन्न अन्न करत बायको मेली ती त्यांची. स्वतःच्या राखेवर उभं राहून माणूस देवाला "बरं झालं" म्हणतो, ते ऐकताना अंगावर काटा येतो. हेच तुकोबा शेजाऱ्याच्या दारात जाऊन "तुझी बायको मेली ते बरंच झालं" म्हणाले नाहीत. मार्कसची वहीदेखील अशीच, स्वतःला उद्देशून लिहिलेली. आपण त्या वहीतली पानं फाडून दुसऱ्याच्या सांत्वनाला नेतोय.

एपिक्टेटसच्या ४६ व्या प्रकरणात आहे की मेंढ्या किती चरलो हे दाखवायला धनगरापुढं चारा आणून टाकत नाहीत, चारा आत पचवतात आणि लोकर देतात, दूध देतात. हे मी भावकीच्या ग्रुपवर टाकलं. दादांचा अंगठा आला. कुणाला उद्देशून होतं हे त्यांना कळलं नाही, का कळूनही मोठेपणानं घेतलं, देव जाणे.

संध्याकाळी हे सगळं आत्तीला सांगितलं, तिला झेपेल तेवढं. कण्हायला सांगणाऱ्या त्या अधू गुलामाबद्दल तिनं विचारलं, "त्याला बायकापोरं हुती?"

म्हटलं, लग्न केलं नव्हतं. पण म्हातारपणी एका मित्राचं पोर, गरिबीमुळं तो टाकून देणार होता ते, यानं घरी आणलं आणि सांभाळायला एक बाई ठेवली, असं नंतरच्या एका टीकाकारानं लिहिलंय.

आत्ती तांदूळ निवडायची थांबली. "आणि ते मर्त्य माणसाचा मुका म्हणालास, ते पोर घरात आणायच्या आधीचं का नंतरचं?"

मी गप्प.

"आधीचंच असणार बघ," ती म्हणाली, आणि गोळीसाठी पाणी आणायला उठली.