पूर, बांध आणि काझीरंगा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आसामातल्या काझीरंगा राष्ट्रीय उद्यानाबद्दलचं ‘काझीरंगाला पूर हवाच’ हे माझं वाक्य तुम्हाला खटकलं. ज्यांची घरं वाहून जातात त्यांच्या जखमेवर ते मीठ आहे, ब्रह्मपुत्रेच्या काठाने भक्कम बांध घातले तर माणसंही वाचतील आणि गेंडेही, असं तुम्ही लिहिलंत. तुमची तळमळ कळते, उपाय मात्र पटत नाही.

आसामात १९५० च्या दशकापासून बांधच घातले जाताहेत. त्यातले कितीतरी आता जीर्ण झालेत. मोकळ्या नदीचं पाणी बहुतेकदा हळूहळू चढतं. गुरं सोडायला, धान्य वर चढवायला सवड मिळते. बांध फुटला की तेच पाणी लोंढ्याने घुसतं, भाताच्या शेतावर वाळू पसरतं, आणि शाबूत राहिलेला बांध त्याला नदीत परतू देत नाही. पाणी येणार हे धरूनच नदीकाठचे मिसिंग आदिवासी खांबांवरच्या चांगघरांत राहत आलेत. काठ कापत शेतासकट जमीन नेणारी नदी मात्र त्यांना देशोधडीला लावते. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात जमीन मिळणं दुरापास्त. माझाही संताप होतो, तो इथे.

पुराने काझीरंगाची तळी भरतात, मासे येतात, जलपर्णी वाहून जाते, गाळावर कोवळं गवत फुटतं. गेंडे त्यावरच पोसले जातात. तरीही २०१७ च्या पुरात तीनशेहून जास्त प्राणी गेले, २०२४ मध्ये १० गेंडे. हे मी नाकारत नाही. पाणी चढलं की प्राणी दक्षिणेला कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे निघतात. वाटेत महामार्ग, हॉटेलं, कुंपणं. काही त्याआधीच बुडतात, काही गाड्यांखाली येतात; हरणं सर्वांत जास्त. उद्यानात बांधलेले मातीचे उंचवटे उपयोगी आहेत, पण तिथे चारा किती दिवस पुरणार?

जुलै २०१९ च्या पुरात दमलेली एक वाघीण महामार्गालगतच्या घरात शिरली आणि दिवसभर पलंगावर झोपून राहिली. दिवसभर लोकांनी तिला त्रास दिला नाही. संध्याकाळी वाहतूक थांबवून तिला वाट करून दिली आणि ती रस्ता ओलांडून जंगलात गेली.

ही वाट कायम मोकळी हवी. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्येच प्राण्यांच्या संचारमार्गांवर नव्या बांधकामाला मनाई केली आहे. त्या आदेशाची कसोशीने अंमलबजावणी, पूरग्रस्तांना उंचावर जमीन आणि पुरातही वापरता येतील असे उंच चौथऱ्यांवरचे हातपंप, यांसाठी तुम्ही आवाज उठवलात तर मी तुमच्यासोबत आहे.