‘ऊन असताना लाइट गेली तर तुमचं सोलर काय कामाचं?’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही दोन स्टार देऊन जे लिहिलंत ते मी तीनदा वाचलं. इतरांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. जानेवारीत तुमच्या इंदिरानगरच्या घरावर आम्ही ५४० वॅटचे सहा पॅनल बसवले. तुमचं म्हणणं असं: रोज १२ युनिट सांगितले आणि जुलैत ५-६ वर आले. एप्रिलच्या कडक उन्हात भर दुपारी फेब्रुवारीपेक्षा कमी वीज दिसली. मे महिन्यात लख्ख ऊन असताना लाइट गेली तर घरातला पंखाही फिरेना. तीन वेळा फोन केला, कोणी आलं नाही. म्हणून पॅनल हलके आहेत आणि आम्ही ते गळ्यात मारले.

फोनचं आधी बोलतो, कारण तिथे माझ्याकडे काही बाजूच नाही. तुमचे तिन्ही फोन ऑफिसात घेतले गेले, वहीत लिहिलेही गेले, पण पुढे कोणाला पाठवायचं हे कोणी ठरवलं नाही. पैसे घेताना आम्ही तुमच्या घरी चार वेळा आलो होतो. माफी मागतो. रविवारी मी स्वतः आलो तेव्हा काकूंनी चहा दिला, त्याची मला जास्त लाज वाटली.

आता पॅनल. त्या रविवारी नेमकी उघडीप होती. बाराच्या सुमारास पातळ ढगातून ऊन येत असताना तुमच्यासमोरच मीटर लावला: २३६ व्होल्ट, ७ अँपिअर. म्हणजे साधारण १,६५० वॅट, तेही ढगाळ उन्हात. सहाही पॅनलची काच मी जवळून पाहिली, कुठे तडा नाही. माल चांगला आहे काका, हे मी छातीठोक सांगतो. पण मग तुम्हाला फसवल्यासारखं का वाटलं? कारण आम्ही तुम्हाला एक आकडा दिला आणि तो येतो कुठून हे सांगितलंच नाही. ते आज सांगतो.

नाशिकमध्ये ‘सोलर’ म्हटलं की अजूनही आधी गच्चीवरचा सोलर बंब आठवतो. त्याचं काम उष्णतेवर चालतं. ऊन जितकं तापेल तितकं पाणी गरम. तुम्ही एप्रिलची तक्रार केलीत ती त्याच हिशोबाने, आणि चूक तुमची नाही, आमचा विक्री करणारा पोरगाही ‘जितकं ऊन तितकी वीज’ असंच बोलतो. पॅनलला मात्र उष्णता नको असते. त्याला फक्त उजेड हवा असतो.

पॅनलमधल्या निळ्या-काळ्या चकत्या सिलिकॉनच्या असतात. प्रत्येक चकतीच्या एका थरात किंचित फॉस्फरस मिसळलेला असतो, दुसऱ्या थरात बोरॉन किंवा तसंच दुसरं द्रव्य. एका बाजूला इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्या बाजूला त्यांच्यासाठी जागा रिकाम्या. दोन थर जिथे भिडतात तिथे आपोआप एक उतार तयार होतो, शेतातल्या पाटाला असतो तसा. उजेडाचा कण सिलिकॉनवर आदळला की एक इलेक्ट्रॉन जागेवरून सुटतो आणि तो उतार त्याला एकाच दिशेला ढकलतो. बाहेर तारेची वाट दिली की तो त्या वाटेने फिरून पलीकडच्या थरात पोचतो. हे फिरणं म्हणजेच वीज. आत काही हलत नाही, झिजत नाही, आवाज नाही. मी चौदा वर्षं या धंद्यात आहे, तरी गच्चीवर मीटरचा आकडा चढताना पाहिला की मला आजही बरं वाटतं.

एका चकतीतून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो. म्हणून त्या ओळीने जोडायच्या. तुमचा एक पॅनल चालू असताना सुमारे ४१ व्होल्ट देतो, सहा मिळून अडीचशेच्या आसपास. ही बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी वीज असते. जिन्याजवळचा इन्व्हर्टर तिची घरात चालणारी २३० व्होल्टची, सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी वीज करतो.

मग उष्णता का नको? उजेडाच्या एकेका कणात पुरेशी ताकद असेल तरच इलेक्ट्रॉन सुटतो. ताकद कमी असलेले कण कितीही आले तरी उपयोग नाही. आइन्स्टाइनने १९०५ साली धातूवर पडणाऱ्या उजेडाबद्दल हेच मांडलं होतं. उन्हातला अंगाला चटका देणारा बराचसा भाग अशाच कमी ताकदीच्या कणांचा असतो. तो पॅनलला नुसता तापवतो. आणि सिलिकॉन तापलं की व्होल्टेज घसरतं. पॅनलवर छापलेले ५४० वॅट हे चकती २५ अंशांवर असतानाचे. एप्रिलमध्ये एका गिऱ्हाइकाच्या गच्चीवर दुपारी दोनला मी पॅनलच्या पाठीला तापमान मोजायची गन लावली होती, ६३ अंश. तुमच्याकडे आहेत त्या प्रकारच्या पॅनलमध्ये दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के वीज कमी होते. ३८ अंशांचा फरक म्हणजे १३ टक्के गेले. फेब्रुवारीची दुपार थंड होती म्हणून आकडा वर दिसला. म्हणूनच आम्ही पॅनल गच्चीला चिकटवून बसवत नाही, खालून वारा फिरायला जागा ठेवतो.

जुलैचं सोपं आहे. ढग आले की उजेड विखुरतो. पॅनल तेव्हाही चालतात, पण पाऊस लागून राहिला की निम्म्यावर येतात. तुमच्याच ॲपवर मार्चचे दिवस उघडून पाहा, १५ आणि १६ युनिट दिसतील. १२ ही वर्षाची सरासरी होती. आम्ही कोटेशनवर ‘रोज १२ युनिट’ असं लिहिलं, ‘सरासरी’ हा शब्द गाळला. तो शब्द गाळल्याने तुमचा पावसाळा मनस्तापात गेला. ती आमची चूक.

पण पावसावर सगळं ढकलून मी मोकळा होणार नाही, कारण रविवारी आणखी एक गोष्ट दिसली. पावणेनऊला गच्चीवर उभा होतो तर पूर्वेकडच्या दोन पॅनलवर शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली. साडेनऊ-पावणेदहापर्यंत ती सरकत सरकत गेली. आम्ही साइट पाहिली ती डिसेंबरमध्ये. डिसेंबरात सूर्य आग्नेयेकडून वर येतो, ती टाकी आहे ईशान्येला, त्यामुळे सावलीचा प्रश्नच दिसला नाही. मे ते ऑगस्ट सूर्य ईशान्येच्या बाजूने उगवतो. हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं आणि आम्ही तपासलं नाही.

सावली एवढीशी असली तरी नुकसान मोठं होतं, ते असं. चकत्या ओळीने जोडलेल्या असतात. द्राक्षबागेत पाण्याच्या पाइपवर कोणाचा पाय पडला तर पाणी त्याच्या पुढे सगळीकडे कमी येतं, तसंच इथे. एक चकती सावलीत गेली की तिच्या ओळीतला प्रवाह अडतो. त्यासाठी पॅनलच्या मागे तीन डायोड असतात, ते अडलेल्या भागाला वळसा देऊन बाकीची वीज जाऊ देतात. पण वळसा दिला म्हणजे पॅनलचा तेवढा भाग त्या वेळेपुरता बाद. खालच्या कोपऱ्यात पारव्यांची घाण वाळून बसली होती, तीही सावलीचंच काम करत होती. ती मी पाणी आणि मऊ फडक्याने काढली. हे तुम्ही पंधरा दिवसांनी सकाळी करा, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी नको. पावसाळ्यात धूळ पाऊसच धुतो. दिवाळीनंतर मात्र लक्ष ठेवा, सिंहस्थाच्या कामांची धूळ शहरात आहेच.

राहिली लाइट गेल्याची गोष्ट. मला माहीत आहे, सगळ्यात जास्त तुम्हाला हीच लागली. डोक्यावर लख्ख ऊन, स्वतःच्या पैशाचे पॅनल आणि घरात पंखा बंद. पण काका, तुमचा इन्व्हर्टर बिघडला नव्हता. लाइनमधली वीज गेली की त्याने दोन सेकंदांच्या आत बंद व्हायचंच असतं. समजा तो बंद झाला नाही, तर तुमच्या गच्चीवरची वीज मीटरमधून उलटी गल्लीतल्या तारेत जाईल. खांबावर चढलेला वायरमन तार मेली आहे असं समजून हात घालेल. माझा चुलत भाऊ वायरमन आहे. या एका गोष्टीत मी कोणाचंही ऐकत नाही. ‘ती सेटिंग बंद करून द्या’ म्हणणारे येतात, त्यांना मी काम नाकारतो.

लाइट नसताना घर चालवायचं तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनल, बॅटरी आणि लाइन तिन्ही सांभाळणारा) लागतो, त्याचा खर्च वेगळा. तो पर्याय विकत घ्यायच्या आधी तुमच्यापुढे ठेवायला हवा होता, मग घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवलं असतं. आम्ही तो ठेवला नाही. आता तो घ्या असा आग्रह मी करणार नाही. तुमच्या भागात लाइट फारशी जात नाही, तेवढ्यासाठी सोलरच्या मोठ्या बॅटरीत पैसे घालू नका असंच माझं मत आहे. पंख्या-दिव्यापुरता छोट्या बॅटरीचा, लाइनवर चार्ज होणारा साधा इन्व्हर्टर पुरेल.

दोन कामं आमच्याकडून बाकी आहेत. सावलीतले दोन पॅनल जिन्याच्या पश्चिमेला हलवायचे, स्ट्रक्चर आणि वायरिंगसकट, आमच्या खर्चाने. आणि नव्या कोटेशनवर बाराही महिन्यांचे आकडे वेगळे छापायचे. पहिला छापून आला की तुम्हाला दाखवतो, त्यात काही कळलं नाही तर तिथेच खूण करा.

स्टार बदला असं मी म्हणणार नाही. येत्या रविवारी सकाळी आठला मी आणि दोन पोरं येतो. काम चार तासांचं आहे, तेवढा वेळ सोलर बंद राहील, घरातली लाइट चालू राहील. गच्चीच्या दाराची किल्ली काकूंकडे ठेवा, आणि त्या कोपऱ्यातल्या तुळशीच्या कुंड्या आम्हीच उचलू, तुम्ही हात लावू नका.