बोवीचा शेवटचा प्रयोग, आमच्या घरात

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर दिवे मालवले आणि लेकीला शेजारी बसवून ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचा १९७३ चा तो प्रयोग पुन्हा पाहिला. कॉन्सर्ट न म्हणता मी मुद्दाम प्रयोग म्हणतेय. त्या रात्री तिथे नाटकच झालं होतं.

३ जुलै १९७३, लंडनचं हॅमरस्मिथ ओडियन. आदल्या वर्षी अल्बममधून जन्माला घातलेल्या झिगी स्टारडस्टला, म्हणजे ज्याचं सोंग घेऊन तो गायचा त्या काल्पनिक रॉकस्टारला, बोवीनं याच रंगमंचावर भरल्या प्रेक्षागृहासमोर निरोप दिला. डी. ए. पेनेबेकर या अमेरिकन माहितीपटकारानं तो निरोप १६ मिलिमीटर फिल्मवर टिपून ठेवला. प्रयोगाला पन्नास वर्षं झाली म्हणून २०२३ मध्ये हा चित्रपट रिस्टोअर झाला, आधी थिएटरांत लागला आणि ऑगस्टमध्ये ब्लू-रेवर आला. मी डिस्क मागवली तेव्हा घरातल्यांनी विचारलं, हल्ली डिस्क कोण घेतं? मी घेते. आवडती यादी करून ठेवावी आणि एका सकाळी त्यातला सिनेमा गायब झालेला असावा, हे माझ्या बाबतीत तीनदा झालंय. हा चित्रपट मला असा हरवायचा नव्हता.

कॉलेजात असताना हाच चित्रपट मी एका मैत्रिणीच्या घरी व्हिडिओ कॅसेटवर पाहिला होता. कॉपीची कॉपी. लाल अंधारात एक पांढरट ठिपका हलायचा, तो बोवी. गिटार कुठे संपते आणि लोकांचा आरडाओरडा कुठे सुरू होतो, काही कळायचं नाही. तरी आम्ही चौघीजणी जमिनीवर बसून शेवटपर्यंत जागच्या हललो नव्हतो.

आता त्या ठिपक्याला चेहरा आलाय. भादरलेल्या भुवया, कपाळावरचं सोनेरी वर्तुळ, कान्साई यामामोटो या जपानी डिझायनरनं केलेले पोशाख. अंगावरचा एक पोशाख भर रंगमंचावर दोन बाजूंनी खेचून काढतात आणि आतून दुसराच निघतो. ही युक्ती जपानच्या काबुकी नाटकातली. कॅसेटवर तो नुसता एक झटका वाटला होता.

माझा जीव मात्र रंगपटातल्या दृश्यांवर आहे. बोवी आरशासमोर बसलाय, चेहऱ्यावर रंग चढतोय, बायको अँजी येऊन गप्पा मारून जाते. आपल्याला हे परकं वाटायचं काही कारणच नाही. पुरुषानं तोंडाला रंग लावून, नटूनथटून रंगमंचावर यावं आणि अख्ख्या गावानं त्याच्यावर जीव ओवाळून टाकावा, हे महाराष्ट्रानं बोवीच्या साठ वर्षं आधी केलंय. बालगंधर्वांचं नेसणं बघून घरंदाज बायका तशा साड्या नेसू लागल्या, लंडनमध्ये पोरापोरींनी झिगीसारखे केस लाल करून घेतले. पण गंधर्वांच्या ऐन भरातल्या संगीत नाटकांचं आपल्या हाती काय उरलं? तबकड्यांवरचा आवाज आणि फोटो. ‘मानापमान’मधली त्यांची भामिनी चालायची कशी, वळून बघायची कशी, ते बघणाऱ्यांबरोबर गेलं. त्या काळात आपल्याकडे बोलपटच नव्हता, त्यामुळे दोष कुणाला देणार? पण म्हणूनच पेनेबेकरसारखा माणूस कॅमेरा घेऊन तिथे उभा होता, आणि नंतर कुणीतरी ती फिल्म पन्नास वर्षं सांभाळली, याची किंमत मला फार मोठी वाटते.

रिस्टोरेशन करणाऱ्यांचं एका गोष्टीसाठी मनापासून कौतुक. अंधार त्यांनी अंधारच राहू दिलाय. फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रातला बारीक रवाळपणा, दिसतो. चेहरे घासूनपुसून प्लास्टिकसारखे केलेले नाहीत. जुने सिनेमे गुळगुळीत करायची जी साथ आलीय, तिचा मला मनस्वी राग आहे. मेकअपच्या थराखालची कातडी दिसली नाही तर मग बघायचं काय?

आणि गिटारवादक जेफ बेक! त्या रात्री तो पाहुणा म्हणून बँडबरोबर वाजवून गेला होता, पण त्याचा भाग इतकी वर्षं चित्रपटातून वगळलेला होता. या प्रतीत तो परत आलाय. बोवीचा गिटारवादक मिक रॉन्सन हा बेकचा भक्त. ज्याचं वाजवणं ऐकत घडला, त्याच्या शेजारी उभं राहून रॉन्सन वाजवतोय, हे बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रॉन्सन १९९३ मध्ये गेला. बोवी १० जानेवारी २०१६ ला. बेक गेला तोही १० जानेवारीलाच, २०२३ साली. ही प्रत लोकांपुढे यायच्या सहाच महिने आधी.

शेवटच्या गाण्याआधी बोवी माईकवर सांगतो की हा प्रयोग आमच्या सगळ्यात जास्त लक्षात राहील, कारण दौऱ्यातला तर हा शेवटचा आहेच, पण यापुढे आम्ही प्रयोगच करणार नाही. प्रेक्षागृहातून किंकाळ्या उठतात. तो काही गाणं सोडत नव्हता, झिगीला आणि या बँडला निरोप देत होता. हे रॉन्सनला आधीच ठाऊक होतं. बेस वाजवणारा ट्रेव्हर बोल्डर आणि ड्रमवरचा वुडी वुडमन्सी यांना कुणी सांगितलं नव्हतं. हजारो लोकांबरोबर त्यांनीही ते तिथेच ऐकलं. पुढच्या अल्बमला ड्रमवर दुसराच माणूस होता. बोवीवर माझं प्रेम आहे, पण हे त्यानं वाईट केलं. दीड वर्ष रात्रंदिवस बरोबर वाजवणाऱ्यांना आधी रंगपटात घेऊन दोन शब्द सांगायला हवे होते.

लेकीला हे सांगितलं तर ती ताडकन उठून बसली. "आई, खरंच माहीत नव्हतं त्यांना?" मग तिनंच रिमोट घेतला, त्या वाक्याच्या आधीचं गाणं पुन्हा लावलं आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली, बोल्डर आणि वुडमन्सी कुठे दिसतात ते शोधत.