पान एकसष्ट

आमच्याकडे प्रेमकथांचं वेड मधुमेहासारखं आईच्या बाजूने आलंय. आजी ना. सी. फडक्यांची वाचक, मावशी चंद्रकांत काकोडकरांची. काकोडकरांच्या एका कथेवर, १९६२ च्या दिवाळी अंकातल्या, अश्लीलतेचा खटला झाला. तो पार सुप्रीम कोर्टात गेला आणि १९६९ साली कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. मावशीला वाटलं, आपणच सुटलो. तरी पुस्तकावरचं वर्तमानपत्राचं कव्हर काही तिने काढलं नाही. "सुप्रीम कोर्ट दिल्लीला आहे, सासूबाई स्वयंपाकघरात," म्हणायची.

माझी लेखिका वेगळी. नाव सांगत नाही, कारण तिचं पुढचं पुस्तकही मी घेणारच आहे. कॉलेजपासून तिच्या बावीस कादंबऱ्या वाचल्या, त्यातल्या बऱ्याच पेठेतल्या लायब्ररीतून. त्या पुस्तकांवर आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने शेरे मारलेले असायचे. नायिका नायकाचं पत्र न वाचता फाडते, तिथे समासात कुणीतरी लिहिलं होतं, "अगं वेडे!!" खाली दुसऱ्या अक्षरात, "बरं केलंस."

तेवीसावी कादंबरी आल्याचं कळलं तेव्हा लायब्ररीत माझा नंबर नववा लागला. नववी म्हणजे दसरा उजाडणार. मी तडक अप्पा बळवंत चौक गाठला आणि साडेचारशे रुपये मोजले. घरी आल्यावर नवऱ्याने पुस्तक हातात तोलून पाहिलं आणि म्हणाला, "शेवटी लग्न होतं का, एवढंच सांग. साडेचारशे वाचले असते." हे तो गेली वीस वर्षं म्हणतोय. त्याच्या मते असली पुस्तकं म्हणजे वर्तमानपत्रातली 'वधू पाहिजे'ची जाहिरात, फक्त लांबवलेली.

रविवारी दुपारी भडंगाची वाटी घेऊन बसले. पान एकसष्टवर माझा घास अडकला.

या बाईच्या कादंबरीत पान साठच्या आसपास गैरसमज होतो. तो झाला की मी पाय वर घेऊन बसते, कारण आता दोनशे पानांची निश्चिंती. चिठ्ठी कपाटामागे पडते, निरोप्या मोलकरीण गावी जाते, नायक नायिकेला तिच्या मावसभावाबरोबर पाहतो आणि तडक सिंगापूरला निघून जातो. इथेही नायकाने मावसभावाला पाहिलं. मी पाय वर घेतले. आणि या गाढवाने खिशातून फोन काढून तिला मेसेज केला, "कोण होता तो?" दोन निळ्या टिका. "मावसभाऊ." "ओके."

ओके? अहो, अजून दोनशे चाळीस पानं आहेत!

ती कशाने भरली ते विचारू नका. नायकाची दह्याची कंपनी आहे. पूर्वी यांचे नायक काय करतात ते आम्हाला कधी कळलं नाही; बंगला होता, गाडी होती, कपाळावर एक आठी होती, पुरे. याच्या दह्याला भांडवल मिळेल की नाही, यावर सलग अकरा पानं. मग दोघं आंबोलीला जातात. मी सावरून बसले. आंबोली घाट! वर्षाला सुमारे सात हजार मिलिमीटर पाऊस! बाईने याआधी तीन जोडपी त्या घाटात गाडी बंद पाडून भिजवलीत. पण याने मोबाइलवर पावसाचा अंदाज पाहिला आणि दोघं सकाळी लवकर निघाले. कोरडे पोचले. कोरडे! वर हॉटेलात नाश्त्याला साबुदाण्याची खिचडी.

नायकाची आई पान बत्तीसवर सुमन होती, एकशे चाळीसवर कुसुम झाली. पहिल्या प्रकरणात वारलेले वडील दोनशे तीनवर फोन करून जेवलास का विचारतात. आणि 'तो हलकेच हसला' हे वाक्य मी पेन्सिलीने खुणा करत मोजलं. एकेचाळीस वेळा. बेचाळिसाव्यांदा हसला तेव्हा मी हसले नाही.

पण खरी शिक्षा ही नव्हती. खरी शिक्षा ही, की समोरच्या खुर्चीत नवरा बसलेला. मी एक उसासा टाकला असता, की वीस वर्षांचा वाद तो त्या दुपारी जिंकला असता. म्हणून मी तीनशे पानं चेहऱ्यावर गोड भाव ठेवून वाचली. दह्याच्या भांडवलाशी तर डोळ्यांना पदरसुद्धा लावला.

"कसं आहे गं?"

"अप्रतिम," मी म्हणाले.

हाच अप्रतिमपणा अंगाशी आला. गुरुवारी पुस्तक लायब्ररीला देऊन टाकावं म्हणून शोधायला गेले, तर ते त्याच्या उशीखाली. एकशे शहाण्णव पानावर खुणेला महावितरणचं बिल.

रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज आला. "दह्याचं बाकी फार बारकाईने लिहिलंय बाईंनी. आणि पोरगा शहाणा आहे. विचारून मोकळा झाला." मग जरा थांबून, "हिचं याआधीचं काही आहे का घरात?"

पलंगाखालच्या ट्रंकेत सात आहेत. पत्रं फाडलेली, घाटात भिजलेली, सिंगापूरला गेलेली.

"आहेत," मी कूस बदलत म्हणाले, "पण आधीची तिला एवढी जमलेली नाहीत."