निकालावर पगार ठरवायचा तर आधी हे वाचा

माझी वहिनी पुण्यात महापालिकेच्या शाळेत शिकवते. काल जेवताना दादाचा मित्र म्हणाला, आमच्या आयटीत अप्रेझल असतं तसं शिक्षकांनाही लावा, निकाल चांगला तर पगार जास्त. वहिनी गप्प बसली, मला राहवेना म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षी जुलैत तिच्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी आली, आईवडील सिंहगड रोडला बांधकामावर, घरात लमाणी बोलतात, मराठीचं एक अक्षर वाचता येईना. रोज खिचडी खाऊन झाली की वहिनी तिला शेजारी बसवून पाटीवर गिरवून घ्यायची. दिवाळीच्या तोंडावर पोरगी बोट ठेवून "भाकरी" वाचायला लागली, वहिनीने घरी येऊन आधी तेच सांगितलं. दिवाळीनंतर साइट संपली, बिऱ्हाड हललं, वार्षिक परीक्षेला ती वर्गात नव्हतीच. त्या चार महिन्यांचे मार्क वहिनीला कोण देणार?

आणि असं काही आपल्याकडे झालंच नाही असं नाही. शिक्षकांना 12 वर्षांच्या नोकरीनंतर वरिष्ठ आणि 24 वर्षांनंतर निवड वेतनश्रेणी, म्हणजे वरचा पगार मिळतो ना, 2017 च्या ऑक्टोबरात जीआर निघाला की त्यासाठी शाळा प्रगत हवी, शाळासिद्धीत, म्हणजे शाळांच्या सरकारी मूल्यमापनात, ए ग्रेड हवी, नववी-दहावीचा निकाल 80 टक्क्यांच्या वर हवा. म्हणजे शाळा मागे पडली तर तिथे राबणाऱ्याचाच वाढीव पगार अडणार होता! मग अशा वस्तीतल्या शाळेत कोण थांबेल, आणि कच्चं पोर वर्गात कोणाला हवंसं वाटेल?

काही शिक्षक नुसती सही करून पाट्या टाकतात हे मलाही दिसतं, संताप येतो. आंध्रात 2005 पासून बोनसचा प्रयोग झाला, त्यात मुलांचे मार्क वाढले हेही खरंय. पण तिथे पास किती झाले ते नाही, मुलं आधी कुठे होती आणि वर्षात किती पुढे सरकली ते मोजलं, पेपर बाहेरच्यांनी घेतले, आणि मूळ पगाराला हात लावला नाही, बोनस वरून दिला. अमेरिकेत अटलांटाला सगळा जोर मार्कांवर दिला तर शिक्षकांनीच मुलांची उत्तरं खोडून बरोबर केली, 2015 मध्ये 11 जण कोर्टात दोषी ठरले.

आपल्याकडे प्राथमिकचा शिक्षणसेवक, म्हणजे सुरुवातीची वर्षं ठरावीक मानधनावर असलेला नवा शिक्षक, 2023 पर्यंत महिना 6,000 वर राबत होता, आता 16,000 झालेत. पुण्यात त्यात खोलीभाडं देऊन काय उरतं? आधी तो पगार नीट करा, मतदार याद्यांची कामं काढून घ्या, मग मोजायचं ते मोजा. आज रविवार आहे आणि वहिनी सकाळपासून याद्या घेऊन वस्तीत दारोदार फिरतेय.