कोरियाची ‘अनाथ’ मुलं आणि त्यांच्या जिवंत आया

कोरियाबद्दलचा एक मजकूर सध्या मराठी गटांमध्ये फिरतो आहे. माझ्याकडे तो आधी कोरियन मालिका बघणाऱ्या मैत्रिणींकडून आला, मग एका काकांकडून. त्याचा सारांश असा: कोरियन युद्धात अनाथ झालेली लाखो मुलं अमेरिका-युरोपातल्या दयाळू कुटुंबांनी वाचवली. त्यांच्या आयांनी ती राजीखुशीनं दिली होती, कारण लग्न न झालेल्या बाईला मूल नकोच असतं. मुलं तिकडे शिकली-सवरली, मोठ्या पदांवर गेली. आता त्यांच्यातलीच काही कृतघ्न माणसं सोलला परतली आणि एकट्या आयांना हाताशी धरून दत्तकाचा कायदा इतका कडक करवून घेतला, की बाळं उघड्यावर पडू लागली.

हे वाचून पटकन पटतं, कारण त्यात एक दयेची गोष्ट आहे आणि एक कृतघ्नतेची. पण यातला एकही दावा सरळ उभा राहत नाही.

‘युद्धात अनाथ झालेली मुलं’ इथून सुरुवात करू. युद्ध जुलै 1953 मध्ये थांबलं. त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत जी मुलं बाहेर गेली, त्यांत परदेशी सैनिक आणि कोरियन स्त्रिया यांची मुलं बरीच होती. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्या सरकारला ती देशात नको होती. ओरेगॉनमधल्या हॅरी होल्ट या शेतकऱ्यानं 1955 मध्ये आठ कोरियन मुलं दत्तक घेतली आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नावाची संस्था सुरू झाली. इथवर मजकुरातली गोष्ट थोडीफार जुळते. पण सर्वांत जास्त मुलं कोणत्या वर्षी देशाबाहेर गेली? 1985 मध्ये: 8,837. युद्ध थांबून 32 वर्षं झाली होती. कोरिया जहाजं बांधत होता, गाड्या निर्यात करत होता, तीन वर्षांवर आलेल्या सोल ऑलिंपिकची तयारी करत होता. त्या वर्षी देशात जन्मलेल्या बाळांच्या एक टक्क्याहून जास्त मुलं विमानात बसवून पाठवली गेली. 1980 च्या एका दशकातच साठ हजारांहून अधिक. आजवरचा एकूण आकडा सुमारे दोन लाख धरला जातो.

युद्ध नव्हतं, दुष्काळ नव्हता, मग हे झालं कसं? सरकारला बालकल्याणावर पैसा खर्च करायचा नव्हता. चार खासगी संस्थांना हे काम सोपवलेलं होतं, आणि त्यांचं उत्पन्न परदेशी पालकांकडून येणाऱ्या शुल्कावर चालायचं. घेणाऱ्या आई-वडिलांनी कोरियात पाऊलही न टाकता मूल त्यांच्या विमानतळावर पोचायचं. ऑलिंपिकच्या वेळी अमेरिकी पत्रकारांनी यावर लिहिलं, तेव्हा सरकारला लाज वाटली आणि आकडे खाली येऊ लागले. मुलांची गरज बदलली म्हणून ते खाली आले नव्हते.

आता ‘अनाथ’ ठरवण्याबद्दल, कारण सगळ्यात मोठी फसवणूक इथेच आहे. आई-वडील कोण हे माहीत असतानाही मुलाच्या नावानं नवी नोंद केली जायची: बेवारस सापडलेलं, पालक अज्ञात. असा कागद झाला की कुणाची संमती घ्यायला नको आणि अमेरिकी व्हिसाही सोपा. एखादं मूल पाठवण्याआधी दगावलं किंवा त्याचे आई-वडील त्याला परत घेऊन गेले, तर तयार कागदपत्रांवर दुसरंच मूल रवाना केल्याची प्रकरणं आहेत. म्हणजे चाळीस वर्षांची एखादी डॅनिश बाई आज आपली फाइल उघडते, तेव्हा तिच्या हातात दुसऱ्याच मुलीचं नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव असू शकतं. हे चळवळीतल्या माणसांचं नुसतं म्हणणं राहिलेलं नाही. कोरियाच्या सत्यशोधन आणि समेट आयोगाकडे 11 देशांतल्या 367 दत्तक व्यक्तींनी तक्रारी केल्या. त्यांतल्या पहिल्या 98 प्रकरणांचा निष्कर्ष 26 मार्च 2025 रोजी आला. 56 जणांच्या मानवी हक्कांचा भंग झाला आणि त्याला राज्यव्यवस्था जबाबदार आहे, असं सरकारी आयोगानंच म्हटलं.

काही मुलं तर फक्त हरवलेली होती. एका आईची लहान मुलगी 1975 मध्ये घराजवळून नाहीशी झाली. आई वर्षानुवर्षं शोधत राहिली. मुलगी अनाथ म्हणून अमेरिकेत पोचली होती. 2019 मध्ये डीएनए जुळल्यावर दोघींची भेट झाली, आणि 2024 मध्ये त्या आईनं सरकारवर खटला भरला. ‘वाचवलेली अनाथ मुलं’ हे शब्द या बाईसमोर उच्चारून पाहावेत.

‘आयांनी राजीखुशीनं दिली.’ मला सर्वांत जास्त चीड या वाक्याची येते.

परदेशी गेलेली मुलं नंतरच्या काळात कुणाची होती? 2008 मध्ये साडेबाराशेच्या आसपास मुलं गेली आणि त्यांतली सुमारे नव्वद टक्के लग्न न झालेल्या आयांची होती. या बायकांपुढे पर्याय कोणते होते ते बघा. 2008 उजाडेपर्यंत कोरियातली कुटुंबनोंदणी पुरुष कुटुंबप्रमुखाच्या नावाखाली चालायची, त्यामुळे बापानं न स्वीकारलेलं मूल लग्नाबाहेरचं आहे हे कागदावरच दिसायचं. पोट दिसू लागलं की नोकरी सोडावी लागायची, माहेरचं दार बंद व्हायचं. मग राहायचं कुठे? अविवाहित गरोदर स्त्रियांसाठी वसतिगृहं होती, पण त्यांतली बरीच दत्तकसंस्थाच चालवत होत्या. जिनं आसरा दिला, जेवू घातलं, बाळंतपण केलं, तीच संस्था सहीसाठी कागद पुढे करायची. कित्येकदा बाळ जन्मायच्या आधीच. घरच्यांनी आईच्या परस्पर बाळ देऊन टाकल्याचीही उदाहरणं आहेत. कुणी आजीनं दिलं, कुणी नवऱ्यानं. अशा आई-वडिलांनी पुढे आपली संघटना काढली, तिचं नाव ‘मिंदुल्ले’, म्हणजे डँडेलियनचं फूल.

पैशाचं गणितही बघा. 2009 च्या सुमारास देशातल्या देशात मूल दत्तक घेणाऱ्या कुटुंबाला सरकार दरमहा जे साहाय्य द्यायचं, त्याच्या निम्मंच पोटचं मूल वाढवणाऱ्या गरजू एकट्या आईला मिळायचं. तेच मूल परक्या हाती गेलं की त्याची किंमत वाढायची, आईजवळ राहिलं की घटायची. अशा व्यवस्थेत घेतलेल्या सहीला राजीखुशी म्हणणं हा त्या बायकांवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

आपल्याकडची तुलना इथे उपयोगी पडते. भारतात 1984 च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आंतरदेशीय दत्तकाला नियम घालून दिले, आणि आजच्या बालन्याय कायद्यात मूल सोपवणाऱ्या पालकांना फेरविचारासाठी 60 दिवस मिळतात. आपली व्यवस्था निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पुण्यातल्या ‘प्रीत मंदिर’ या दत्तकसंस्थेची सीबीआय चौकशी अनेकांना आठवत असेल. पण बाळंतिणीची सही लगेच अंतिम धरू नये, हे तत्त्व आपण तेव्हा मान्य केलं. कोरियात त्यासाठी 2012 उजाडलं, आणि मिळाले ते फक्त सात दिवस.

‘तिकडे चांगलं आयुष्य मिळालं.’ अनेकांना मिळालं, आणि ते नाकारायचं कारण नाही. सोलमध्ये जन्मलेल्या फ्लर पेलरँ फ्रान्सच्या सांस्कृतिक मंत्री झाल्या. पण त्याच यादीत ॲडम क्रॅप्सरही आहेत. लहानपणी अमेरिकेत नेलेले, पालकांच्या घरी मारहाण सोसलेले, आणि कुणीच नागरिकत्वाचा अर्ज न भरल्यामुळे 2016 मध्ये भाषाही न येणाऱ्या कोरियात हद्दपार झालेले. अमेरिकेनं 2000 मध्ये दत्तक मुलांच्या नागरिकत्वाचा कायदा केला, पण तो लागू होताना ज्यांची अठरा वर्षं पूर्ण झाली होती ते त्यातून वगळले गेले. स्वीडनमधला एक मोठा अभ्यास 2002 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. परदेशातून दत्तक आलेल्या तरुणांमध्ये आत्महत्येचं प्रमाण तिथल्या इतरांच्या तिपटीहून जास्त आढळलं. आणि समजा एखाद्याचं बालपण अगदी सुखाचं गेलं, तरी त्यामुळे त्याचा खोटा जन्मदाखला खरा होत नाही. आपली आई कोण हे विचारायला माणूस दुःखीच असला पाहिजे, ही अट आपण आपल्या मुलांना घालू का?

राहिला शेवटचा आणि सर्वांत जास्त पसरलेला दावा: कायदा कडक केला म्हणून बाळं टाकली जाऊ लागली.

कायदा काय होता, ते आधी. ऑगस्ट 2012 पासून तीन गोष्टी बंधनकारक झाल्या. जन्मानंतर सात दिवस आईची संमती ग्राह्य नाही, बाळाचा जन्म नोंदवलेला हवा, आणि दत्तकाला कौटुंबिक न्यायालयाची मंजुरी हवी. जगात बहुतेक ठिकाणी हे किमान मानलं जातं. आणि तो ‘परदेशी वाढलेल्या मूठभरांनी’ लादला हेही चूक आहे. परतलेल्या दत्तक व्यक्तींच्या ‘ट्रॅक’ आणि ‘आस्क’ या संघटना, ‘कोरूट’ हे त्यांचं सोलमधलं अतिथीगृह, मिंदुल्लेचे आई-वडील आणि स्वतःची मुलं स्वतः वाढवणाऱ्या कोरियन आयांची संघटना, या सगळ्यांनी मिळून तो मागितला. 11 मे हा कोरियात सरकारी ‘दत्तक दिन’. 2011 पासून हीच मंडळी त्याच तारखेला एकट्या आयांचा दिवस पाळू लागली. पाठवलेलं मूल आणि पाठवावं लागलेली आई एका व्यासपीठावर येऊन कायदा मागतात, याला मजकूर ‘हाताशी धरणं’ म्हणतो. मला तरी यापेक्षा न्याय्य युती माहीत नाही.

आता बाळपेटी, म्हणजे नाव न सांगता बाळ सोडून जाण्यासाठीची पेटी. सोलमधल्या एका चर्चच्या भिंतीत 2009 च्या शेवटी ही पेटी बसवली गेली, आणि 2012 नंतर तिथे सोडलेल्या बाळांची संख्या खरोखर वाढली. 2013 मध्ये अडीचशेच्या घरात गेली. हे लपवायचं कारण नाही. पण त्याच काळात पेटीला प्रचंड प्रसिद्धी मिळत होती आणि ‘नव्या कायद्यानं तुझं नाव कायमचं उघडं पडेल’ हे भय आयांना घातलं जात होतं. प्रत्यक्षात दत्तकविधान पूर्ण झालं की मुलाचं नाव आईच्या कुटुंबदाखल्यावर दिसत नाही. जन्म नोंदवण्याचं बंधनही नवं नव्हतं. नवं एवढंच होतं की संस्थांना ते टाळून खोटी अनाथ नोंद करता येणार नव्हती. बाळ पेटीत ठेवायला येणाऱ्या बाईला भीती होती ती बदनामीची, घरच्यांची आणि रिकाम्या हाताची. 2012 चा कायदा रद्द केला असता तरी या तिन्ही गोष्टी जागच्या जागी राहिल्या असत्या.

त्यांवर उपाय झाले, पण फार उशिरा. दत्तकसंस्थांनी अविवाहित मातांची वसतिगृहं चालवायची नाहीत, हा नियम जुलै 2015 मध्ये अमलात आला. बाप पोटगी देत नसेल तर सरकारनं आधी मुलामागे दरमहा दोन लाख वॉनपर्यंत रक्कम द्यायची आणि मग बापाकडून वसूल करायची, ही योजना जुलै 2025 ची. त्याच्या एक वर्ष आधीच आईला नाव लपवून बाळंत होण्याची कायदेशीर सोय झाली होती. मला हा क्रम उलटा वाटतो. मूल सोडण्याचा रस्ता आधी गुळगुळीत केला, सांभाळण्याचा नंतर. तोही अशा देशात, जिथे 2023 मध्ये जननदर एका बाईमागे 0.72 मुलांवर घसरला आणि सरकार मूल होण्यासाठी जोडप्यांना पैसे देत होतं.

याच मजकुराची एक नवी आवृत्तीही आली आहे: ‘आता राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली, विषय संपला.’ तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांनी 1998 मध्येही माफी मागितली होती, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं दरवर्षी दोन हजारांवर मुलं जात राहिली. ली जे-म्युंग यांची माफी ऑक्टोबर 2025 मधली आहे. त्याच महिन्यात आंतरदेशीय दत्तकाबद्दलचा हेग करार कोरियाला लागू झाला, आणि त्याआधी जुलैत दत्तकाचं काम खासगी संस्थांकडून सरकारकडे आलं. ही पावलं मोठी आहेत आणि ती याच ‘कृतघ्न’ माणसांनी पदरमोड करून, वर्षानुवर्षं दारं ठोठावून मिळवलेली आहेत. पण आयोगाकडे आलेल्या 367 प्रकरणांपैकी 42 प्रकरणं, कागदपत्रं पुरेशी नाहीत म्हणून, बाजूला ठेवली गेली. उरलेल्यांचा तपास एप्रिल 2025 मध्ये आयोगातल्या मतभेदांमुळे थांबला. अशा एकूण 311 जणांना तेव्हा निकाल मिळाला नाही, आणि त्यांच्यातल्या अनेकांचे पुरावे अपुरे आहेत, कारण कागद तयार करणाऱ्यांनीच ते खोटे तयार केले होते.